बर्फ हटत नाही, फक्त सरकतो

ऑक्टोबर उजाडला की सिरॅक्यूजमधल्या आमच्या मराठी ग्रुपवर एकच वाद पेटतो : प्लाऊ की ब्लोअर? फराळाच्या फोटोंच्या मधेमधे पिकअप ट्रकला लावायच्या लोखंडी फाळांचे फोटो येत राहतात. यंदा मी कुंपणावर बसणार नाही. घराच्या ड्राइव्हवेसाठी गाडीला प्लाऊ लावू नका, ब्लोअर घ्या. मी स्वतः दोन हिवाळे प्लाऊ चालवलाय आणि मग तो विकलाय, म्हणून सांगतोय.

पुण्या-मुंबईत बसून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. सिरॅक्यूज न्यूयॉर्क राज्यात आहे, ऑन्टॅरिओ सरोवराच्या दक्षिणेला. हिवाळ्यात गार वारे सरोवराच्या त्यामानाने कोमट पाण्यावरून येतात, वाटेत बाष्प उचलतात आणि आमच्या डोक्यावर बर्फ म्हणून ओततात. वर्षाला सरासरी तीन मीटरच्या आसपास. १९९२-९३च्या हिवाळ्यात तर जवळपास पाच मीटर पडला होता.

आता शाळेतलं गणित. ड्राइव्हवे २० मीटर लांब, ५ मीटर रुंद. रात्रीत ३० सेंटिमीटर बर्फ पडला. म्हणजे ३० घनमीटर. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलो धरला, तरी सकाळी तुमच्या दारात तीन टन माल उभा आहे. तो नाहीसा होणार नाही, फक्त जागा बदलणार. मग खरा प्रश्न एकच : कुठे जाणार?

प्लाऊकडे याचं उत्तर आहे, ‘पुढे’. तो बर्फ उचलत नाही, ढकलतो. ढकलता ढकलता दाबतो. ड्राइव्हवेच्या टोकाला ढीग होतो, रात्री तो गोठतो, पुढच्या वेळी फाळ त्याला आपटून थांबतो. मग नवा ढीग अलीकडे. जानेवारी संपेपर्यंत दोन गाड्यांच्या वाटेची एका गाडीची वाट होते. शिवाय त्या फाळाचं ओझं गाडीच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि सतत पुढे-मागे केल्याचा ताण गिअरबॉक्सवर, तो वेगळाच.

मीही ढकलत होतो. उबदार केबिन, हातात कॉफी, कानात गाणी, दहा मिनिटांत काम फत्ते. एका सकाळी कामावर निघालो तर समोरच्या घरातल्या आजी भर रस्त्यातून चालत बस स्टॉपकडे निघालेल्या. अंधार होता, मागून गाड्या येत होत्या. फुटपाथ सोडून या रस्त्यावर का, असं मनात आलं आणि पाहिलं तर फुटपाथवर कमरेएवढा ढीग. त्यावर फाळाच्या कडेची सरळ, गुळगुळीत खूण. माझ्याच फाळाची.

त्या काही बोलल्या नाहीत. हात हलवून पुढे गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आपला केर शेजारच्या दारात लोटणाऱ्यांना आपण गावाकडे नावं ठेवतो. इथे तेच मी चाळीस हजार डॉलरच्या गाडीत बसून करत होतो. ज्याच्याकडे गाडी त्याची वाट मोकळी, आणि जो पायी चालतो, व्हीलचेअरवर आहे, बाबागाडी ढकलतोय, त्याने बघून घ्यावं.

ब्लोअरचं मळसूत्री पातं बर्फ आत ओढतं, मागचा पंखा तो धुराड्यातून दूर फेकतो. धुराड्याचं तोंड तुम्ही फिरवता. बर्फ हिरवळीवर पातळ पसरतो, ढीग होत नाही. मुख्य म्हणजे तुम्ही मशीनमागे पायी चालता. जो पायी चालतो त्याला फुटपाथ दिसतो.

ब्लोअरही गुणांचा पुतळा नाही. ओला, चिकट बर्फ धुराड्यात अडकतो. तेव्हा इंजिन बंद करूनही हात आत घालायचा नाही, पात्यात ताण उरलेला असतो. काठी वापरायची. लोक बोटं गमावतात ती इथेच. बर्फाखालचा दगड लागला तर शिअर पिन तुटते, पण ती गिअरबॉक्स वाचवायला तुटण्यासाठीच असते. दोन सुट्या पिना खिशात ठेवा.

‘वेळ कुठे आहे?’ हा ग्रुपवरचा लाडका सवाल. मान्य, मला आता दहा मिनिटांऐवजी चाळीस लागतात. हॉस्पिटलचं आवार असेल, शेतावरचा लांबलचक रस्ता असेल, तर खुशाल प्लाऊ लावा, तिथे ढीग करायला जागा असते. ज्यांचं हृदय किंवा कंबर साथ देत नाही, त्यांनी माणूस लावावा आणि ढीग कुठे घालायचा ते त्याला बजावून सांगावं. पण शहरातल्या गल्लीत ‘वेळ वाचला’ म्हणजे बहुतेकदा दुसऱ्याचा गेला.

ब्लोअर क्यूबेकच्या आर्थर सिकार्ड यांनी १९२५मध्ये बनवला. त्याच प्रांतातल्या मॉन्ट्रियल शहरात मोठ्या वादळानंतर प्लाऊ बर्फ गोळा करतात, मग ब्लोअर तो ट्रकमध्ये भरतात आणि ट्रक ठरलेल्या जागी नेऊन ओततात. तिथेही प्लाऊ आहेच. पण ढकलल्यावर काम संपलं, असं ते शहर मानत नाही.

आता मी माझा ड्राइव्हवे झाला की आजींच्या बाजूचा फुटपाथही करतो. उपकार म्हणून नाही. माझी उधारी आहे.