पटावर बसू दिलं, पण खेळ बघितला का?

२८ जुलै २०२५. जॉर्जियातल्या बाटुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. समोर कोनेरू हम्पी. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, निकाल लागला तो रॅपिडमध्ये. दिव्याचं वय १९. गेली तेव्हा ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म हातात नव्हता, परतली ती थेट ग्रँडमास्टर होऊनच! आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. छान केलं.

पण त्या जल्लोषात मला एक नाव फारसं दिसलं नाही. रोहिणी खाडिलकर.

'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली : वासंती, जयश्री, रोहिणी. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. पुढे १९८३ पर्यंत हे विजेतेपद त्या घराबाहेर गेलंच नाही. एकट्या रोहिणीने ते ५ वेळा मिळवलं. १९८१ आणि १९८३ ला ती आशियाई विजेतीही झाली.

पण मला तिची खरी मोठी लढाई वाटते ती १९७६ ची. १३ वर्षांची ही पोरगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गदारोळ झाला. प्रकरण हायकोर्टात गेलं. शेवटी 'फिडे'चे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीच निकाल दिला, की महिलांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळण्यापासून अडवता येणार नाही.

म्हणजे पटावर बसायचा हक्क मिळून जवळपास पन्नास वर्षं झाली. मग प्रश्न मिटला का?

जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधली स्पर्धा खेळून आल्यावर दिव्याने जाहीरपणे लिहिलं : प्रेक्षक माझे कपडे, केस, उच्चार यावर बोलतात, खेळावर नाही. तेव्हा ती १८ ची होती. 'एवढं काय मनावर घ्यायचं' म्हणणारे आपल्याकडे पैशाला पासरी. माझं म्हणणं, मनावर घ्यायलाच हवं. कारण हे सगळं एखादी दहा वर्षांची मुलगीही ऐकत असते. आणि नुसतं जिंकून भागत नाही, हे तिला तेव्हाच कळतं.

भारताच्या पहिल्या ८८ ग्रँडमास्टरांत महिला किती? फक्त ४. हम्पी, हरिका, वैशाली आणि दिव्या. हा बुद्धीतला फरक आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी किती मुलींना पटापर्यंत येऊ दिलं जातं आणि किती जणींना तिथे टिकू दिलं जातं, हे आधी मोजावं.

म्हणून दोनच मागण्या. आयोजकांनो, 'मुलींत पहिली' अशी ट्रॉफी देऊन मोकळे होऊ नका; खुल्या गटात मुलींची संख्या कशी वाढेल ते बघा. आणि आपण प्रेक्षकांनी? पुढची मुलगी जिंकेल तेव्हा तिच्या फोटोखाली निदान एक कमेंट तिच्या एखाद्या चालीबद्दल करू या. त्यासाठी तिचा डाव बघावा लागेल. तेवढं तर जमेल ना?