रिमॅपची घाई कशाला?

पोलो जीटी टीएसआय घरी आली की आठवड्याभरात मालक एकच गोष्ट विचारत फिरतो: रिमॅप कुठे करायचा? करावा की नाही, आधी करावा की नंतर, याची चर्चाच नाही. तो निकाल गाडी बघायला जाण्याआधीच लागलेला असतो. मग डाउनपाइप, मग इनटेक, मग मोठे रिम, आणि पैसे उरलेच तर टायर. हा क्रम इतका रूढ झालाय की त्याला हरकत घेणारा एकतर म्हातारा ठरतो किंवा भित्रा. दोन्ही विशेषणं आगाऊ स्वीकारून सांगतो, हा क्रम उलटा आहे.

पोलोला स्पोर्ट्‌स कार म्हटल्यावर काही जण नाक मुरडतील. मुरडोत. पुढची चाकं ओढतात अशी पाच दारांची हॅचबॅक म्हणजे माझदा एमएक्स-5 नव्हे, हे मलाही कळतं. पण एमएक्स-5 आपल्याकडे कधी विकायलाच आली नाही. चाकणला तयार होणारी जीटी टीएसआय 2013 मध्ये आली आणि पुण्या-मुंबईच्या एका पिढीसाठी परवडणारी स्पोर्ट्‌स कार तीच ठरली. 2022 मध्ये पोलोचं उत्पादन इथे थांबलं. म्हणजे आज जो कुणी ती घेतो तो वापरलेलीच घेतो. हे ध्यानात ठेवा, माझा अर्धा युक्तिवाद त्यावरच उभा आहे.

आधी पूर्वपक्ष, आणि तो दुबळा करून न मांडता. सुरुवातीच्या जीटी टीएसआयमध्ये 1.2 लिटरचं टर्बो इंजिन होतं: 105 पीएस ताकद, 175 न्यूटन-मीटर टॉर्क. रिमॅप म्हणजे लॅपटॉप जोडून ईसीयूतला प्रोग्रॅम बदलायचा. टर्बोचा दाब वाढतो, आणि एक नटसुद्धा न खोलता गाडी तासाभरात वेगळी वाटू लागते. टोयोटा जीटी86 सारख्या बिनटर्बोच्या गाडीत एवढी वाढ मिळवायला घाम गाळावा लागतो. रुपयामागे ताकद मोजली तर रिमॅपच्या जवळपासही दुसरं काही येत नाही. हे सगळं खरं आहे.

गोम आहे ती ‘रुपयामागे ताकद’ या मापात. ताकद इंजिनात तयार होते, पण तिचा हिशेब लागतो रस्त्यावर, आणि या गाडीत तो पुढच्या दोन टायरांच्या तळहाताएवढ्या जागेवर लागतो. जीटी टीएसआयचे मूळचे टायर 185 मिलिमीटर रुंदीचे. जोर लावला की गाडीचं वजन मागे झुकतं आणि नेमकी पुढची चाकं हलकी होतात. रिमॅपनंतर पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये पाय दाबा, स्टिअरिंग हातात वळवळतं, डॅशबोर्डवर ईएसपीचा पिवळा दिवा लुकलुकतो. तो दिवा काय सांगतोय? चाक फिरतंय पण गाडी ओढत नाही, म्हणून संगणक इंजिनाचा जोर कापतोय. एका संगणकाला पैसे देऊन वाढवलेली ताकद दुसरा संगणक त्याच क्षणी काढून घेतोय. यात मौज असेलही. सुधारणा कुठे आहे?

यावर ठरलेलं उत्तर येतं: “आम्हाला रेस लावायची नाही हो, हायवेला ओव्हरटेक सुरक्षित व्हावा म्हणून.” हा युक्तिवाद घरच्यांना पटवायला उत्तम आहे, त्यामुळेच तो इतका लोकप्रिय आहे. पण तो अर्ध्यावर थांबतो. पूर्वी ट्रक ओलांडून संपताना वेग 80 असायचा, आता 100 होतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे थांबवायची ऊर्जा सव्वापट नव्हे, दीडपटीहून जास्त झाली. ती गिळायची कुणी? त्याच पुढच्या डिस्कनी, त्याच पॅडनी, मागच्या त्याच ड्रमनी आणि त्याच ब्रेक ऑइलनी. लवकर पुढे निघालेली गाडी पुढच्या वाहनाच्या मागेही लवकरच पोचते, ही गोष्ट ओव्हरटेकच्या गणितात कुणी धरत नाही.

ब्रेक ऑइलबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण त्याला कुणीच वाली नाही. ते दिसत नाही, आवाज करत नाही, फोटोत येत नाही. डॉट 4 दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात तर त्याला मेजवानीच. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तोच किमान आकडा 155 अंशांवर येतो. आता पाचगणीहून वाईला पसरणी घाट उतरताय असं समजा, थोडे उत्साहात. दर वळणाला ब्रेक, डिस्क तापलेली, कॅलिपरमधलं ऑइल तापलेलं. ते उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतात. वाफ मात्र दाबली जाते. पेडल मऊ होतं, खाली जातं, आणि गाडी चालतच राहते. दर दोन वर्षांनी बदलायचं हे ऑइल सेकंडहँड गाडीत शेवटचं कधी बदललं होतं, हे सर्व्हिस बुक बघून सांगू शकणारे मालक मला फार भेटलेले नाहीत.

टायरची कथा याहून फसवी. जाहिरातीत ‘कमी चाललेली गाडी, टायर नव्यासारखे’ असं लिहिलेलं असतं आणि ग्राहक नक्षीची खोली बघून खूश होतो. त्यापेक्षा मोबाइलचा टॉर्च घेऊन चाकाशी खाली बसा. टायरच्या कडेला डीओटी अशी अक्षरं असतात आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. बाहेरून दिसत नसतील तर आतल्या बाजूला असतात, मान वाकडी करावी लागते. 3118 असेल तर तो टायर 2018 च्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेला आहे. (टायरवरचं डीओटी आणि ब्रेक ऑइलचं डॉट एकच, दोन्हींमागे अमेरिकेचं परिवहन खातं.) नक्षी शाबूत, पण उन्हात उभ्या गाडीचं रबर दरम्यान कडक झालेलं असतं. नखाने दाबून बघितलं तरी अंदाज येतो.

नुसत्या पकडीचं गणित करू. ताशी 80 किलोमीटरवरून थांबायला, रबर आणि रस्ता यांच्यातला घर्षणगुणांक 0.7 असेल तर 36 मीटर लागतात; 0.9 असेल तर 28. फरक आठ मीटरचा. पोलोची लांबी चार मीटरला जराशी कमी, म्हणजे दोन गाड्यांचं अंतर. ओल्या रस्त्यावर दोन्ही आकडे वाढतात आणि त्यांच्यातलं अंतरही. कुठला रिमॅप हे आठ मीटर देतो ते मला दाखवावं.

टायरला अग्रक्रम देण्यावर मात्र एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. 2012 मध्ये टोयोटा आणि सुबारूने मिळून जीटी86 आणली तेव्हा तिला मुद्दाम साधे, माफक पकडीचे टायर दिले. सुमारे 200 अश्वशक्तीच्या, मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीला! हेतू असा की गाडी कमी वेगातच आपली मर्यादा दाखवील, सरकेल, चालक शिकेल. म्हणून काही जाणकार म्हणतात, भारी टायर टाकलेत तर चुका झाकल्या जातील, आणि एके दिवशी मर्यादा सुटेल ती फार मोठ्या वेगात. मला हा विचार मनापासून आवडतो. पण तिथला टायर कमी पकडीचा असला तरी नवा होता, आणि सुटायच्या आधी सांगणारा होता. आठ वर्षांचं कडक रबर आज एका वळणावर धरतं, उद्या त्याच वळणावर पाऊस पडून गेल्यावर सोडतं, आणि दोन्ही वेळा आधी काही बोलत नाही. त्यातून कोण काय शिकणार? मीही रेसचे अतिचिकट टायर मागत नाहीये. मूळ मापाचा किंवा एक पायरी रुंद, ताजा, ओल्यात धरणारा चांगल्या कंपनीचा संच, एवढंच.

याच उत्तरात आणखी एका पंथाचा समाचार निघतो. ‘गाडी राहू दे, आधी चालक सुधार’ असं म्हणून चहाचा घोट घेणारे. वाक्य निर्दोष आहे, आणि त्यापुढे बोलण्यासारखं काही उरत नाही, हीच त्याची खोड. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जाऊन शिकणं उत्तमच, घाटात शिकण्यापेक्षा तर हजारपटीने उत्तम. पण गळका शॉकअॅब्सॉर्बर आणि उकळणारं ब्रेक ऑइल घेऊन गेलात तर काही फेऱ्यांत पिटमध्ये परत याल, आणि शिकाल ते त्या बिघाडाला सांभाळून घेणं. उरले ‘कंपनीने विचार करूनच बनवली असेल’ म्हणणारे. केला आहे ना विचार. मायलेज, किंमत, सरासरी गिऱ्हाईक, सगळ्याचा. तुम्ही सरासरी गिऱ्हाईक असाल तर गाडीला हात लावू नका, हा लेखही वाचू नका.

लोअरिंग स्प्रिंग, सतरा इंची रिम आणि एक्झॉस्ट यांच्यावर फार शाई घालवत नाही. मूळ शॉकवर बुटक्या स्प्रिंग बसवल्या की खड्ड्यात गाडी बंपस्टॉपवर आदळते. जड रिम इंजिनाला आणि ब्रेकला दोघांनाही ओझं. आवाजाने शेजारी जागे होतात.

मग करायचं काय? गाडी लिफ्टवर चढवा आणि अनुभवी मेकॅनिकला पुढच्या लोअर आर्मच्या बुशमध्ये टॉमी घालून हलवायला सांगा. रबराला चीर गेली असेल तर आर्म मागेपुढे सरकताना डोळ्यांनी दिसतो. गाडी ब्रेक मारताना एका बाजूला खेचते ते बऱ्याचदा या चिरेमुळे, आणि मालक अलाइनमेंटवर अलाइनमेंट करत बसतो. बुश, लिंक रॉड, तेल सुटलेले शॉक, हे आधी. याला कुणी अपग्रेड म्हणत नाही, पण दमलेली गाडी मूळ अवस्थेला आणणं ही वापरलेल्या पोलोतली पहिली आणि सर्वांत जाणवणारी सुधारणा आहे. त्याच फेरीत ब्रेक ऑइल आणि जरा जास्त तापमान सोसणारे पुढचे पॅड. मग टायर, आणि टायर पडल्यावर अलाइनमेंट. ताठ शॉक आणि स्प्रिंगचा जुळलेला संच हवा असेल तर त्यानंतर, गाडी काही महिने अशी चालवून, कुठे कमी पडतेय ते कळल्यावर. बहुतेकांना तो लागणारच नाही.

आणि रिमॅप? करायचाच तर शेवटी. 1.2 लिटरच्या या गाडीचा सात गियरचा, सुक्या क्लचचा डीएसजी 250 न्यूटन-मीटरसाठी बनलेला आहे, तेव्हा ट्यूनरने कागदावर 250 च्या पुढचा टॉर्क दाखवला तर नमस्कार करून निघा. ‘स्टेज 1’ या शब्दाला कुठलंही प्रमाण नाही. दर दुकानाचा स्टेज वेगळा, म्हणून आधीचा आणि नंतरचा डायनोचा कागद मागा. 95 ऑक्टेनचं पेट्रोल रोज मिळणार नसेल तर त्या हिशेबाचाच मॅप करून घ्या. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिलेला निकाल वाचून ठेवा, बेकायदा फेरफाराला दंड आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवा. हप्ता वाढला तर तो रिमॅपच्या खर्चात धरा, आणि मग रुपयामागे ताकद किती पडली ते पुन्हा मोजा.