डुप्लिकेट ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

ओपन सोर्सचं दार सगळ्यांना उघडं आहे, असं सांगितलं जातं. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. फायरफॉक्स किंवा डेबियनमधली चूक कळवायला कोणी पदवी विचारत नाही, आडनाव विचारत नाही. आमच्या वस्त्यांतून, वसतिगृहांतून पुढे आलेली मुलंमुली या दारातून आत जात आहेत, याचा आम्हाला अभिमान आहे. पण आत गेल्यावर पहिल्याच बग रिपोर्टवर अनेकदा एक शब्द येऊन पडतो: डुप्लिकेट. ही तक्रार आधीच कोणीतरी केली आहे, सबब तुमची बंद. काही जण तिथूनच परत फिरतात.

मोझिलाच्या बगझिलामध्ये या शब्दाआधी ‘रिझॉल्व्हड’ असं लिहिलेलं असतं. निकाली! चूक जागच्या जागी असते, निकाली निघतो तो अर्ज. तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्यांना ही भाषा नवी नाही.

प्रत्येक डुप्लिकेटमध्ये अपमान शोधावा, असं आम्ही म्हणत नाही. प्रकल्प सांभाळणारे कित्येक जण बिनपगारी, रात्री जागून काम करतात. एकच चूक शंभर जणांनी कळवली तर शंभर ठिकाणी उत्तर देणं शक्य नाही. आधी शोधा, मग लिहा, ही अपेक्षा रास्तच आहे. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. दोन तक्रारी एकच आहेत, हे ठरवतं कोण आणि कशाच्या आधारावर?

मराठीचंच उदाहरण घेऊ. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतही तोच फरक. पापणीसारखा दिसणारा हा अर्धा र मराठीला लागतो, हिंदीला त्याची गरज पडत नाही. समजा, एखाद्या प्रोग्राममध्ये तो नीट उमटत नाही, असं कोणी कळवलं. देवनागरी न वाचणाऱ्या मेंटेनरला हिंदी रफाराबद्दलची जुनी तक्रार सापडली. त्याच्या नजरेला दोन्हीकडे ‘र’ बिघडलेला दिसतो, म्हणून तो एक बंद करतो. उद्या रफार दुरुस्त होईल, जुनी तक्रार मिटेल आणि तिच्यासोबत मराठीचीही मिटली असं समजलं जाईल. दर्या आणि दऱ्या मात्र एकच राहतील. इथे कोणाचाही हेतू वाईट नाही. पण निर्णय त्याने घेतला ज्याला फरक दिसतच नव्हता, आणि ज्याला दिसत होता त्याच्या हातात काही नव्हतं. गिटहबवर मेंटेनरने बंद केलेली तक्रार, ती लिहिणाऱ्याला स्वतःहून पुन्हा उघडता येत नाही.

आम्ही हे फार वर्षं ऐकत आलो आहोत. जातीचा प्रश्न वर्गाच्या प्रश्नातच येतो, आर्थिक क्रांती झाली की तोही सुटेल, वेगळी तक्रार कशाला? १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी समाजवाद्यांशी हाच वाद घातला आणि आधी आर्थिक, मग सामाजिक हा क्रम नाकारला. पुढे दलित स्त्रियांनी स्त्री चळवळीला आणि खुद्द आपल्या चळवळीलाही हेच सुनावलं. आपणही कोणाच्या तक्रारीवर डुप्लिकेटचा शिक्का मारलेला आहे, हे विसरू नये.

वेगळी रीत शक्य आहे, आणि ती याच जगात आहे. डेबियनमध्ये दोन बग जोडायला ‘मर्ज’ ही आज्ञा आहे. जोडण्याआधी दोन्हींची स्थिती सारखी असावी लागते आणि जोडल्यावर दोन्ही क्रमांक जिवंत राहतात. (‘फोर्समर्ज’ही आहे म्हणा, सत्तेला पळवाट लागतेच.) बगझिला सर्वांत जास्त वेळा कळवलेल्या चुकांची यादी दाखवू शकतो, म्हणजे तिथे डुप्लिकेटची गणती साक्षीसारखी वापरता येते. २००८ साली बेटनबर्ग आणि सहकाऱ्यांनी एक्लिप्स प्रकल्पाचे रिपोर्ट तपासले, तेव्हा डुप्लिकेटमध्ये मूळ रिपोर्टात नसलेली, उपयोगी पडणारी माहिती सापडली. आपण जी तक्रार कचरा म्हणून बंद करतो, तीच दुरुस्तीचा धागा असू शकते.

म्हणून आमचं तरुणांना सांगणं आहे की शिक्का बसला तर रागाने खातं बंद करू नका. जुनी तक्रार पूर्ण वाचा. खरोखर एकच असेल तर आपली आवृत्ती, आपली पायरी-पायरीची माहिती तिथे जोडा आणि तिथेच ठाण मांडा. वेगळी असेल तर फरक दाखवा: काय टाइप केलं, काय उमटायला हवं होतं, काय उमटलं. जुन्या चुकीची दुरुस्ती लावूनही आपली चूक उरते, हे दाखवता आलं तर त्याहून मोठा पुरावा नाही. आणि प्रकल्पांकडे आमची मागणी छोटी आहे. डुप्लिकेट लिहाल तिथे ते का, याची एक ओळ लिहा आणि तक्रारदाराला एकदा उत्तर देता येईल इतका वेळ ती उघडी ठेवा.