एकट्याच्या सरावाची मर्यादा

धाराशिव जिल्ह्यातले अणदूर सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. सायकलपटूसाठी ही सोय आहे आणि जोखीमही. लांबवर सरळ डांबर, नळदुर्गच्या बाजूला थोडा चढउतार, तुळजापूरकडे बालाघाटचे चढ, आणि माळावर अडवायला काहीच नसलेला वारा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे पाय घडायला एवढे भांडवल पुष्कळ आहे. तरीही अशा गावातून पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेला गेलेला मुलगा बहुधा एकाच तऱ्हेने हरतो. टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाशी एकट्याने झुंजायच्या शर्यतीत, तो बऱ्यापैकी वेळ देतो. दुसऱ्या दिवशी सगळे एकत्र सुटणाऱ्या मास स्टार्टमध्ये मात्र वळणावर घाबरतो, घोळक्याच्या शेपटीला जातो आणि शेवटच्या काही किलोमीटरांत सुटतो. घरी परतल्यावर ‘दम कमी पडला’ असे निदान होते आणि पुढच्या वर्षाची तयारी म्हणून रोजचे अंतर वाढवले जाते.

हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. रस्त्यावरच्या शर्यतीत सायकलपटूची सर्वाधिक ताकद वारा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे वीतभर अंतर ठेवून चालणाऱ्याची मेहनत साधारण एक तृतीयांशाने वाचते. अर्थात, ती वाचवायला दुसऱ्याच्या चाकावर विश्वास टाकावा लागतो. ताशी चाळीसच्या वेगात खांद्याला खांदा लागला तरी हँडल सरळ ठेवावे लागते, बाजूचा वारा आला की तिरक्या रांगेत जागा मिळवावी लागते. हे एकट्याने महामार्गाच्या कडेने कितीही सायकल दामटली तरी येत नाही. अणदूरच्या मुलाकडे दम असतो. त्याच्याकडे सोबत नसते.

सोबत काय करते हे पाहायला फार लांब जायला नको. सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर विजापूर आहे. तिथली हवा आणि तिथला माळ आपल्यासारखाच. पण तिथे सरकारी क्रीडा वसतिगृहात सायकलिंगची मुले एकत्र राहतात, एकत्र सुटतात, एकमेकांच्या चुका सोसतात. कर्नाटकच्या संघांत विजापूर-बागलकोटची मुले वर्षानुवर्षे दिसतात, त्यामागे हेच आहे. राष्ट्रीय रोड स्पर्धाही जानेवारी 2024 मध्ये त्याच विजापुरात झाली. आपल्याकडे गुणवत्ता नाही असे मुळीच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या इंगळीच्या पूजा दानोळेने 2020 च्या गुवाहाटीतल्या खेलो इंडियात सुवर्णपदके मिळवली. संगमनेरची प्रणिता सोमण माउंटन बाइकमध्ये राष्ट्रीय विजेती झाली. भंडाऱ्याची मयूरी लुटे 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर भारताकडून उतरली. छोट्या गावाशहरांतून निघालेल्या या मुली आहेत. मराठवाड्याच्या या टोकाहून मात्र पुण्याचे बालेवाडी क्रीडासंकुलही दूर आणि विजापूर तर दुसऱ्या राज्यात.

एकट्याने सराव करून कोणी जिंकतच नाही का? जिंकते. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली ऑस्ट्रियाची ॲना किसेनहोफर महिलांची रोड रेस जिंकली. ती गणिताची संशोधक, तिच्यामागे व्यावसायिक संघ नाही, प्रशिक्षकही नाही. सुरुवातीलाच आघाडी घेऊन ती 137 किलोमीटरच्या शर्यतीत घोळक्याच्या पुढेच राहिली. पण तिने आपली उणीव ओळखून डाव आखला होता. आपल्या मुलांना स्वतःची उणीव नेमकी कोणती हेच कोणी सांगत नाही.

दुसरा प्रश्न तारखांचा. अणदूर आणि नळदुर्ग यांच्यात खंडोबाची मूर्ती वर्षातला ठरलेला काळ इकडे आणि उरलेला तिकडे असते आणि त्याचा लेखी करार होतो. देवाच्या मुक्कामाची तारीख गावाला ठाऊक असते. जिल्हा निवड चाचणीची तारीख मुलाला अनेकदा आयत्या वेळी कळते. सायकलपटूचे वर्ष मागून पुढे आखायचे असते. मुख्य शर्यतीची तारीख पक्की झाली की तिथून उलटे मोजायचे: शेवटचा आठवडा-दोन आठवडे भार हलका, त्याआधीचे दोनेक महिने वेगाचे, त्याआधी शांत, लांब, कंटाळवाणे किलोमीटर. आणि हंगाम संपल्यावर दोन-तीन आठवडे चक्क विश्रांती. ही विश्रांती पालकांना आळस वाटते. वास्तविक शरीर ताकदवान होते ते सरावानंतरच्या विसाव्यात. तारीखच माहीत नसेल तर मुलगा वर्षभर एकाच जोराने सायकल हाणतो आणि ऐन स्पर्धेत थकलेला उतरतो.

त्यात हिवाळ्यातल्या राष्ट्रीय स्पर्धा, पौषातली नळदुर्गची यात्रा आणि फेब्रुवारीतली बारावी एकमेकांना खेटून येतात. सवलतीचे गुण आहेत, शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण दोन्ही मिळतात स्पर्धेतल्या कामगिरीनंतर. आधीच्या वर्षांचा भार घरावरच असतो.

तिसरा प्रश्न शरीराच्या काळजीचा. 2023 पासून आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने ज्युनिअर गटावरची गिअरची मर्यादा काढून टाकली. पूर्वी पेडलच्या एका फेऱ्यात सायकल 7.93 मीटरपेक्षा पुढे जाणारा गिअर या वयाला वापरता येत नसे. आता मोठ्यांचा गिअर लावायला मोकळीक आहे आणि मुलांना तो लावण्याचा मोह आहे. कोवळ्या गुडघ्यांसाठी हलका गिअर आणि जलद फेरे हीच तयारी पहिली दोन वर्षे बरी, असे आम्हाला वाटते. मुलींच्या बाबतीत आणखी एक तपासणी कोणत्याही महागड्या चाकाआधी व्हावी: हिमोग्लोबिनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) राज्यातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्ताल्पता आहे. रक्तच प्राणवायू कमी वाहत असेल तर कार्बनची सायकल काय करणार? अणदूरमध्येच हॅलो मेडिकल फाउंडेशनसारखी ग्रामीण आरोग्यात दीर्घ काम केलेली संस्था आहे, तेव्हा ही गोष्ट अवघड नाही.

रस्त्याच्या जोखमीचे मात्र सोपे उत्तर नाही. शर्यतींचा हंगाम आणि उसाचा गळीत हंगाम एकाच वेळी चालतात. पहाटेच्या धुक्यात मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेले असतात. मुंबई-पुणे शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ अशोक खळे 2019 मध्ये सायकलवर असताना झालेल्या अपघातानंतर गेला. इटलीचे स्कार्पोनी आणि रेबेलिन हे अव्वल सायकलपटूही शर्यतीबाहेर रस्त्यावर सायकल चालवतानाच वाहनाखाली आले. अनुभव तिथे कामाला येत नाही.

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने जगभरचे संघ 437 किलोमीटर आपल्या रस्त्यांवर धावले. त्यासाठी रस्ते गुळगुळीत झाले, वाहतूक थांबली. धाराशिवसाठी कोणी तेवढे मागत नाही. ट्रॉल्यांना परावर्तक लावल्याशिवाय गाळपाला ऊस घ्यायचा नाही, असे कारखान्यांनी ठरवावे. क्रीडा कार्यालयाने निवड चाचणीच्या तारखा जूनमध्येच लावाव्यात. आणि दर रविवारी पहाटे दोन तास तुळजापूर तालुक्यातला एखादा कमी वर्दळीचा रस्ता पोलिसांच्या देखरेखीत द्यावा. तिथे उमरगा, लोहारा, अक्कलकोट, सोलापूरची मुले आली तर वीस-पंचवीस जणांचा घोळका सहज जमेल.