माटवी खंय गेली?

गणपतीत कुडाळजवळच्या आमच्या गावी पहिल्या दिवशीची आरती झाली की घरातल्या सगळ्यांचा एक फोटो काढायचा, असा रिवाज आहे. यंदा ते काम पुतण्याने अंगावर घेतलं. त्याच्याकडे नवा मिररलेस कॅमेरा आहे, कॅननचा ईओएस आर५०. वर त्याने ५० मिमीची एफ/१.८ लेन्स वेगळे पैसे मोजून घेतली आहे. संध्याकाळी त्याने फोटो टीव्हीवर लावले आणि ओटीवर शांतता पसरली. समईच्या उजेडात मूर्तीचे डोळे जिवंत वाटत होते. मागे केशरी-हिरव्या उजेडाचे गोल तरंगत होते. कुणीतरी म्हणालं, "अगदी सिनेमासारखं."

आईने चष्मा सारखा केला, दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "फोटो बरो इलो. पण माटवी खंय गेली?"

सिंधुदुर्गाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गणपतीच्या डोक्यावर आम्ही लाकडी चौकट टांगतो, ती माटवी. तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचे घड, तेरडा, कांगले आणि लालभडक कवंडळं बांधतात. रानात आणि परसात त्या दिवसांत जे पिकतं, ते देवाच्या माथ्यावर येतं. पुतण्याच्या फोटोत ती होती, नाही असं नाही. ते तरंगणारे केशरी गोल म्हणजेच आमची कवंडळं.

मग मला खुमखुमी आली. कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात माझा जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा होता. कॅनन पॉवरशॉट ए५७० आयएस, २००७ सालचं मॉडेल, ७.१ मेगापिक्सेल. दुकानातून दोन पेन्सिल सेल आणून घातले. त्याने आधी तारीख विचारली, मग घशात कफ अडकल्यासारखा आवाज करत लेन्स बाहेर काढली. त्याच जागी उभं राहून मी फोटो काढला. फोटो सपाट आला. फ्लॅशमुळे भिंत पांढरी पडली आणि मूर्तीच्या मुकुटावर चकाकी आली. पण माटवीतलं एकूण एक फळ त्यात मोजता येत होतं. आई म्हणाली, "हां, ह्यो गणपतीचो फोटो."

पुतण्या म्हणाला, "काका, हा भूतकाळ आहे." दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे असल्याने भांडण निदान घरातलं होतं.

आधी नावाचा घोळ मिटवू. मोठ्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे तिरका आरसा असतो. तो दृश्य वर फेकतो, ते आपण भिंगातून पाहतो, आणि बटण दाबलं की आरसा फट्‌कन वर उडतो. त्याला जागा लागते. कॅननच्या जुन्या एसएलआरमध्ये लेन्सची कडी ते सेन्सर हे अंतर ४४ मिमी होतं. आरसा काढून टाकल्यावर ते २० मिमीवर आलं. त्यातून लहान, हलका कॅमेरा तयार झाला आणि त्याचं नाव पडलं मिररलेस. या जातीचा पहिला कॅमेरा पॅनासॉनिकने २००८ मध्ये आणला. पण नुसता आरसा नाही म्हणून मिररलेस म्हणायचं, तर माझ्या कॉम्पॅक्टमध्ये तरी आरसा कुठे होता? खरा फरक आरशाचा नाही, सेन्सरचा आहे.

माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ५.८ मिमी रुंद आणि ४.३ मिमी उंच आहे. करंगळीच्या नखावर बसेल. पुतण्याच्या कॅमेऱ्याचा २२.३ बाय १४.९ मिमी, म्हणजे टपाल तिकिटाएवढा. क्षेत्रफळ तेरापटीहून जास्त. शेत तेरापट असेल तर पाऊसही तेरापट झेलला जाणार. प्रकाशाचंही तसंच आहे. समईच्या उजेडात माझ्या कॅमेऱ्याची ताकद वाढवली, म्हणजे आयएसओ ८०० केला, तर फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. त्याचा कॅमेरा तिथे घामसुद्धा गाळत नाही.

तो जिंकतो अशा जागा आणखी आहेत. रात्री बायकांनी फुगड्या घातल्या. माझ्या कॅमेऱ्याने बटण दाबल्यावर फोकस शोधला, विचार केला, आणि फुगडी संपल्यावर जमिनीचा फोटो काढला. त्याचा कॅमेरा माणसाचा डोळा ओळखून धरून ठेवतो आणि सेकंदाला पंधरापर्यंत फोटो टिपतो. फिरणाऱ्या वेण्या, मिटलेले डोळे, आत्याच्या चेहऱ्यावरचं सोळा वर्षांच्या मुलीचं हसू, सगळं त्याला मिळालं. तेव्हा कॉम्पॅक्टच चांगला होता, अशी म्हातारी तक्रार मी करणार नाही.

प्रश्न माटवीचा आहे.

लहान सेन्सरला लहान नाभीय अंतराची लेन्स पुरते. माझ्या कॅमेऱ्याची लेन्स रुंद टोकाला फक्त ५.८ मिमीची आहे. अशी लेन्स अडीच मीटरवर फोकस केली, तर सव्वा मीटरपासून थेट समोरच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पुतण्याची ५० मिमीची लेन्स एफ/१.८ वर पूर्ण उघडली आणि मूर्ती दोन मीटरवर असली, तर स्पष्ट पट्टा मिळतो जेमतेम अकरा सेंटिमीटरचा, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. डोळ्यांवर फोकस धरला की सोंड त्या पट्ट्यात बसते, माटवी बसत नाही.

आणि गंमत म्हणजे पैसे या धूसरपणाचेच द्यावे लागतात. लेन्स जितकी मोठी उघडेल तितकी महाग, आणि मागचं तितकं जास्त धूसर. मोबाइलचा सेन्सर लहान, त्याला हे आपसूक जमत नाही. म्हणून त्यात 'पोर्ट्रेट मोड' आला. आधी सगळं स्पष्ट टिपायचं, मग गणित करून मागचं पुसायचं. मोबाइलच्या कॅमेऱ्यांनीच कॉम्पॅक्टचा बाजार उठवला. २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभरात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले होते, त्यातले दहा कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट. २०२३ मध्ये सगळे मिळून आकडा सत्त्याहत्तर लाखांच्या आसपास उरला. आता तरुण मुलं तेच जुने डबडे कॅमेरे हौसेने शोधत फिरतात. त्यांना म्हणे त्यातले रंग आवडतात. मला वाटतं, रंगांइतकंच त्यांना त्या फोटोंतलं घर आवडत असावं.

कारण त्या रात्री आम्ही कॉम्पॅक्टमधले जुने फोटोही टीव्हीवर लावले. २००८ चा गणपती निघाला. फोटो होता याच पुतण्याचा, तेव्हा चार वर्षांचा, हातात मोदक, नाकावर गूळ. मी त्याचाच फोटो काढत होतो, दुसऱ्या कशाचाही नाही. पण पाहणारे त्याच्याकडे पाहतच नव्हते. भिंतीवर सप्टेंबरचं कॅलेंडर, दुधाच्या खाड्यांवर आईने मारलेल्या फुल्या. स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेतलेली काकी, फोटो चाललाय म्हणून थबकलेली. आणि डाव्या कडेला, स्टुलावर चढून, बनियनवर, तोंडात सुंभाचं टोक धरून माटवीला शेवटचं कवंडळ बांधणारे अण्णा.

अण्णा जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांचे पोज देऊन काढलेले फोटो पुष्कळ आहेत, सगळे शर्टाचं वरचं बटण लावलेले. काम करतानाचा हा एकच. तोही मी काढलेला नाही. कॉम्पॅक्टच्या त्या बारक्या भिंगातून, फोटोत येणार असतं त्यापेक्षा कमी दिसायचं. त्यामुळे कडेला काहीबाही आगंतुक यायचं. अण्णा असेच आले आणि लहान सेन्सरने त्यांना स्पष्ट ठेवलं. त्या दिवशी माझ्या हातात पुतण्याचा कॅमेरा असता, तर मोदक खाणारं पोर अप्रतिम आलं असतं आणि अण्णा मागच्या भिंतीवरचा तपकिरी डाग झाले असते.

फोटो काढताना चेहरा महत्त्वाचा असतो. वीस वर्षांनी आपण बघतो ती भिंत. कुणाच्या मागे कोण उभं होतं, फ्रीज आला होता का, जमीन शेणाने सारवलेली होती की फरशी बसली होती, हे सगळं मागेच असतं. तेच घालवायला आपण आज जास्तीचे पैसे मोजतो.

यात नव्या कॅमेऱ्याचा काडीचा दोष नाही. तो हवं ते करू शकतो, आपण सांगत नाही. दोन सेन्सरच्या रुंदीत जवळजवळ चौपट फरक आहे, त्यामुळे कॉम्पॅक्टचं एफ/२.८ म्हणजे त्याचं एफ/११. तेवढं छिद्र लहान केलं की तेवढाच खोल स्पष्ट पट्टा परत मिळतो. अर्थात फुकट नाही. प्रकाश कमी येतो, आयएसओ सोळापट वाढवावा लागतो, आणि मोठ्या सेन्सरने उजेडात जे कमावलं ते बहुतेक इथे खर्ची पडतं. पण आजचा सेन्सर आयएसओ १६०० सहज पचवतो. शिवाय माणसं स्थिर बसली असतील, तर कॅमेरा टेबलावर ठेवून सावकाश फोटो घेता येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तेच केलं. पुतण्याने ५० मिमीची लेन्स पिशवीत ठेवली, कॅमेऱ्यासोबत मिळालेली साधी १८-४५ ची लेन्स लावली, २२ च्या आसपास आणली, छिद्र एफ/११ केलं आणि कॅमेरा ओटीवरच्या टेबलावर पुस्तकांच्या चळतीवर टेकवला. फ्लॅश नाही. समईचा रंग तसाच राहिला, आणि मागे आईपासून भिंतीवरच्या कोयत्यापर्यंत सगळं आपापल्या जागी आलं.

घरात नवा कॅमेरा असलेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे. चेहऱ्यांचे फोटो हवे तितके धूसर काढा, ते सुंदर येतात. पण प्रत्येक सणाला एक फोटो एफ/११ वर, दोन पावलं मागे सरून, घराचाही काढा. आणि घरात जुना कॉम्पॅक्ट पडून असेल तर भंगारात देण्याआधी त्याचं कार्ड तपासा.

यंदाच्या माटवीत कवंडळं सात आहेत. २००८ च्या फोटोत अकरा आहेत, बारावं अण्णांच्या हातात.