सांडपाण्यातील ऊब

सांडपाणी म्हटले की आपण नाक मुरडतो. मोरीतून पाणी वाहून गेले की त्याच्याशी आपला संबंध संपला, असे आपण समजतो. परंतु स्नानासाठी, भांडी-कपडे धुण्यासाठी जे पाणी आपण इंधन जाळून तापविले, त्याची उष्णताही त्याच्याबरोबर वाहून जाते. ही उष्णता गटारात दवडणे शहाणपणाचे आहे काय?

स्वीडनच्या राजधानीने, स्टॉकहोम नगराने, या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले आहे. तेथील हिवाळा अतिशय कडक असतो. घरे तापविल्यावाचून माणसाचा निभाव लागणे कठीण. या नगरातील हेन्रिक्सडाल येथे शुद्ध केलेले सांडपाणी हामार्बी येथील उष्णताकेंद्रात आणतात व त्यातील ऊब काढून घेतात. १९८६ पासून हे कार्य चालू आहे.

कोमट पाण्यातून कडकडीत उष्णता निघते कशी? सायकलच्या चाकात हवा भरताना पंप तापतो, हे तुम्ही अनुभवले असेल. वायू दाबला की तापतो. उष्णतापंपात एक द्रव सांडपाण्यातील ऊब घेतो व त्याची वाफ होते. विजेच्या यंत्राने ती वाफ दाबली की ती फार तापते आणि आपली उष्णता दुसऱ्या नळांतील स्वच्छ पाण्याला देते. हे गरम पाणी जमिनीखालील नळांतून घरोघर खेळते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत.

कोणी म्हणेल, 'यालाही वीज लागतेच; मग लाभ कोणता?' लाभ मोठा आहे. विजेची शेगडी जेवढी वीज घेते, तेवढीच उष्णता देते; उष्णतापंप त्याच विजेत सुमारे तिप्पट उष्णता देतो, कारण उरलेला भाग त्याला पाण्यातून मिळतो. नळ घालण्यास खर्च फार येतो, हे खरे. म्हणून विरळ वस्तीला ही योजना परवडणार नाही. दाट वस्तीच्या थंड नगरांनी मात्र ती अवश्य स्वीकारावी.

कोंड्याचा मांडा करणाऱ्या गृहिणीला आपण सुगरण म्हणतो. नगरांनीही असेच सुगरण व्हावे. दगडी कोळसा तयार होण्यास कोट्यवधी वर्षे लागली. तो क्षणात जाळून त्याची ऊब गटारात सोडणे, हा पुढील पिढ्यांवर अन्याय आहे.