माळावरची विहीर

‘आम्ही वारज्यात आलो तेव्हा इथे काहीच नव्हतं.’ सोसायटीच्या सभेत कुणी ना कुणी ज्येष्ठ सभासद हे ऐकवतोच. पुरावाही तयार असतो: नावच बघा ना, वारजे-माळवाडी, म्हणजे नुसता माळ! हे चालतं पार्किंगमध्ये, लोखंडी जाळी टाकलेल्या जुन्या विहिरीशेजारी. घडीव दगडाची आहे, मोटेचं थारोळं अजून शाबूत. काहीच नव्हतं, तर मोट कशासाठी हाकत होते?

एकोणिसाव्या शतकात अख्खी अमेरिका हेच म्हणत होती. १८४५ मध्ये जॉन ओसलिव्हन या संपादकाने पश्चिमेकडे पसरणं हे ईश्वरानेच नेमून दिलेलं काम ठरवलं. १८६२ च्या कायद्याने १६० एकर जमीन कसणाऱ्याला जवळजवळ फुकट मिळू लागली. जमीन मोकळी, माणसं कष्टाळू, मग बिघडलं कुठे, असं आजही विचारतात. उत्तर त्यांच्याच दप्तरात आहे. १८७१ पर्यंत त्या सरकारने तिथल्या मूळ जमातींशी साडेतीनशेहून अधिक तह केले. ओसाड माळाशी तह कोण करतं?

मला बंदुकांपेक्षा १८२३ चा निकाल अधिक जहरी वाटतो. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी ठरवलं ते आपल्या तलाठी-भाषेत असं: मूळ रहिवाशांची वहिवाट खरी, मालकी नाही. शिवाय जमीन द्यायची तर सरकारलाच. गिऱ्हाईक एकच असलं की भाव कोण पाडतो, ते कांदा पिकवणाऱ्याला विचारा.

मात्र वारज्याचे गावकरी म्हणजे ‘पुण्याचे रेड इंडियन’, हेही मला मान्य नाही. १९९७ मध्ये गाव महापालिकेत आलं. सातबाऱ्यावर नाव होतं त्यांनी खरेदीखतं केली, काहींनी स्वतःच इमारती उठवल्या, निवडणुका लढवल्या. अमेरिकेतल्या चेरोकी जमातीच्या लोकांना १८३८ मध्ये सैन्याने घराबाहेर काढलं, वाटेत हजारो मेले. त्यांच्याशी बरोबरी सांगणं ही थट्टा झाली. साम्य आहे ते सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांशी: तोंडी बोलीवर खंडाने कसणारे, माळावर शेरडं चारणारे. त्यांची होती ती वहिवाटच, आणि खरेदीखतावर वहिवाटीची सही लागत नाही.

गेल्या सभेत विहीर बुजवून दोन गाड्यांची सोय करावी, असा ठराव आला. मी विरोधात हात वर केला. कारण विचारलं तेव्हा यातलं काहीच बोललो नाही. उन्हाळ्यात आपण टँकर मागवतो, एवढंच म्हणालो.